वासराचा चीक आणि बाळाचा चीक



गाय व्याली की वार पडायची वाट न पाहता वासराला आधी चीक पाजायचा, हे आपल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. चीक न मिळालेले वासरू हगवणीने जाते. उरेल त्याचा खरवस आपण शेजारीपाजारी वाटतो.

मात्र सून बाळंत झाली की तिचा पिवळा चीक 'नासका' म्हणून पिळून टाकायचा आणि बाळाच्या जिभेला मध लावायचा! बाप्तिस्म्याच्या निमित्ताने घरोघरी जाताना आम्ही हे अजून ऐकतो. बाळाला पहिल्या तासातच अंगावर घ्यावे. तो चीक रोगापासून त्याचे रक्षण करतो. मध तर वर्षाच्या आत देऊच नये. सहा महिने आईचेच दूध. वरचे पाणीसुद्धा नको, मग उन्हाळा का असेना. त्या दुधात पाणी पुरेसे असते. औषध डॉक्टर सांगतील ते द्यावे.

"दूधच उतरत नाही," असे सासूबाई सांगतात. बाळ जितके ओढते तितके दूध येते. बाटली दिली की ओढणे कमी होते, मग दूधही आटते. त्यात बाटली नीट उकळली नाही की जुलाब आलेच.

पण सगळा दोष सासवांवर टाकून आम्ही मोकळे होणार नाही. लावणीला ओल्या बाळंतिणीला चिखलात उभी कोण करते? बाळाला पाजायला घरी गेली म्हणून एकीची हजेरी अर्धीच मांडली गेली, आणि मांडणारे आपल्याच धर्मग्रामातले. कारखान्यातल्या बाईला कायद्याने मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन वेळा सुट्टी मिळते. आपल्या बांधावर त्या कायद्याची आठवण कोण काढतो? रागावू नका, पण बाटलीला पैसे मोजणारी ती गरीब बाई हौसेने मोजत नाही.

दवाखान्यात बाळंतपण झाले तरी आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी येतात. बाळ ओढत नसेल, स्तनात गाठ किंवा ताप असेल, तर त्यांना लपवू नका. उपकेंद्रात नर्सबाईंना दाखवा.

यंदा लावणीला शेताजवळ कोरडा आडोसा करा, एक आजी बाळापाशी बसवा, आणि पाजायला उठलेल्या बाईची मजुरी कापू नका. ज्यांच्या शेताजवळ जागा नाही त्यांच्यासाठी चर्चची पडवी आम्ही दिवसभर उघडी ठेवू.