दिवा एकच घ्या, पण जवळ आणा

घरी हौसेने फोटो काढणाऱ्या माणसाकडे चार पैसे साठले की त्याचे डोळे लेन्सकडे वळतात. हा अलिखित नियमच आहे. माझं मत विचाराल तर (कुणी विचारलेलं नाही, पण ब्लॉग माझा आहे :) ) लेन्स राहू द्या. आधी एक दिवा घ्या. एकच. आणि त्याच्यावरही फार पैसे घालवू नका.

कारण साधं आहे. लेन्स कितीही भारी लावली तरी रात्री आठ वाजता ट्यूबलाइटखाली बसलेल्या माणसाच्या डोळ्यांखालची काळी सावली काही जात नाही. ती सावली उजेडाने पाडलेली असते, त्यामुळे ती घालवायची तर उजेडाचंच काहीतरी करायला हवं.

आता 'स्वस्तातला दिवा म्हणजे कमजोर दिवा' अशी शंका लगेच येते. कमजोर असतो, मान्य. पण दिव्याचं एक गणित आहे. छोट्या दिव्याचं अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो. म्हणजे दोन मीटरवरचा दिवा एक मीटरवर आणला, की तेवढ्याच विजेत चौपट उजेड! फोटोवाल्यांच्या भाषेत दोन स्टॉप. आणि हे फुकट.

दुसरं गणित मऊपणाचं. चेहऱ्यावरची सावली कडक पडणार की मऊ, हे दिवा चेहऱ्याच्या जागेवरून केवढा दिसतो यावर ठरतं. सूर्याचंच बघा ना. पृथ्वीच्या १०९ पट रुंद, पण पंधरा कोटी किलोमीटरवर असल्यामुळे आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो. म्हणून भर दुपारी नाकाची सावली सुरीने कापल्यासारखी पडते. त्याच सूर्यावर ढग आले की सगळं आभाळच दिवा होतं आणि सावल्या विरघळतात. घरात ढगाचं काम पांढरी छत्री करते. छत्री जवळ आणली की ती चेहऱ्याला मोठी दिसते, उजेड मऊ होतो, शिवाय वाढतोही. म्हणजे आपल्या वन रूम किचनमध्ये जागा नाही ही जी आपली तक्रार असते, ती इथे चक्क सोयीची ठरते.

तर खरेदीचा क्रम. पहिली पायरी शून्य रुपयांची. खिडकीपाशी खुर्ची ठेवा, माणसाला खिडकीकडे अर्धवट वळवून बसवा, आणि गालाच्या अंधाऱ्या बाजूला पांढरं कार्डशीट धरा. नसेल तर धुतलेली पांढरी चादर दोरीवर टाका. घरातले बाकीचे दिवे बंद. खिडकीचा उजेड आणि बल्बचा उजेड वेगवेगळ्या रंगांचे असतात, दोन्ही एकत्र आले की एक गाल निळसर आणि एक पिवळा येतो. हे आठवडाभर करून बघा. मग दिवा कशासाठी हवाय ते आपोआप कळतं.

दुसरी पायरी : फ्लॅश की एलईडी? घरात हलणारी मुलं असतील तर साधा मॅन्युअल फ्लॅश घ्या. तो इतक्या कमी वेळ चमकतो की धावणारं कार्टंसुद्धा जागच्या जागी थांबतं. पेन्सिल सेलवर चालतो आणि त्याचं तोंड छताकडे वळवलं की पांढरं छत हीच तुमची छत्री. (भिंतीला पोपटी ऑइलपेंट असेल तर मात्र त्या भिंतीवर आपटवू नका, सगळं कुटुंब पोपटी येईल.) २००६ साली डेव्हिड हॉबी नावाच्या अमेरिकन वृत्तछायाचित्रकाराने 'स्ट्रोबिस्ट' हा ब्लॉग सुरू केला. महागड्या स्टुडिओ दिव्यांऐवजी छोटे फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर ठेवून कसे वापरायचे, हे त्याने जगभरच्या हौशी लोकांना शिकवलं. मॅन्युअल फ्लॅश, ट्रिगर, स्टँड, पांढरी छत्री आणि ती तिरकी करता येईल असा होल्डर : या यादीत आजही फारशी भर घालावी लागत नाही. सेकंडहँड घेणार असाल तर एक सावधानता. फिल्मच्या काळातल्या काही जुन्या फ्लॅशच्या पायाशी दोन-दोनशे व्होल्ट येतात. तो डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नका.

शांत बसणारी माणसं, ताटं, वस्तू यांचे फोटो काढायचे असतील तर एलईडी बरा. सावली कुठे पडतेय ते आधीच दिसतं. खोक्यावर सीआरआय ९५ किंवा जास्त आहे का ते बघा. तरीही त्या आकड्यावर पूर्ण विसंबू नका. तो आठ फिकट रंगांच्या सरासरीतून काढतात, गडद लाल त्यात नसतोच. त्याचा वेगळा आकडा असतो, आर-९. आपल्याकडे कुंकू, पैठणी आणि माणसाच्या कातडीचा जिवंतपणा सगळा त्या लालवर अवलंबून! शक्य असेल तर दुकानातच दिवा लावून हाताच्या तळव्यावर धरून बघा. आणि स्वस्त दिवा आपल्याकडच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकू शकतो. फोटोत पट्टे आले तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा.

काय घेऊ नये? रिंगलाइट. चष्म्यात दोन बांगड्या दिसतात. आणि 'तीन सॉफ्टबॉक्सचा संपूर्ण संच'. तीन दिवे आले की तीन सावल्या आल्या, आणि ते लावायला घरात भिंत कुठे आहे? शिवाय अशा संचांचे होल्डर बहुधा आट्यांचे असतात, आपले घरातले बल्ब बहुतेक पिनांचे. बल्ब फुटला की रात्री कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेलच असं नाही.

आता हे सगळं मी एवढ्या पोटतिडकीने का लिहितोय ते सांगतो. आपल्या घरांमधून भिंतीवरचे हार घातलेले फोटो जरा निरखून बघा. कितीतरी फोटो कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुपमधून कापून काढलेले असतात. खांद्याशी शेजारच्याची बाही दिसते. काही तर ओळखपत्रावरचे, मोठे करून धूसर झालेले. माणूस गेल्यावर तासाभरात घरचे मोबाईल चाळायला लागतात, आणि हजारो फोटोंत एक धड चेहरा सापडत नाही. फोन सगळ्यांकडे आहेत, हौस आहे. त्या म्हाताऱ्या माणसाला दहा मिनिटं नीट उजेडात बसवलेलं नसतं, एवढंच. वर्षानुवर्षं तोच चेहरा बघायचा असतो आपल्याला. सुरकुत्यांवर मऊ उजेड पडलेला, डोळ्यांत छत्रीची छोटी पांढरी चमक असलेला फोटो त्यांच्या हयातीत काढून, मोठा करून त्यांच्याच हातात द्यायला काय हरकत आहे? माझ्या मते स्वस्तातल्या दिव्याचा याहून चांगला उपयोग नाही.

नात्यातली बरीच मंडळी हे वाचतात म्हणून जाहीर सांगतो : माझा दिवा, छत्री, स्टँड कुणीही घेऊन जा. अट एकच, घरातल्या सगळ्यात वयस्क माणसापासून सुरुवात करायची. छत्री चेहऱ्यापासून हातभर लांब, डोळ्यांच्या थोडी वर आणि बाजूला ठेवा, म्हणजे चष्म्यात चमक येणार नाही. आणि स्टँडच्या पायाला दोन किलो तांदळाची पिशवी अडकवायला विसरू नका, घरात पोरं असतात.