दहा दिवस उघडणारी वाट

परीक्षा संपत आली की आमच्या ग्रुपमध्ये एक वाक्य हमखास निघतं, “चला ना, कुठंतरी कॅम्पिंगला जाऊ!” मग मोबाईलवर हिमाचलचे तंबू बघायचे, खर्चाचा आकडा ऐकायचा आणि चहा पिऊन घरी जायचं. मला वाटतं, आपण उगाच लांब बघतो. बोरगाव-सौसरच्या माणसाला जंगलातून चालणं नवीन नाही. आपले आजी-आजोबा नागद्वारीला जातच होते की!

मागच्या वर्षी मीही गेलो. सौसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली करत पचमढी गाठली आणि तिथून पायी. धूपगड म्हणजे सातपुड्याचं सर्वांत उंच शिखर, सुमारे १,३५० मीटर. त्याच्या परिसरातल्या दऱ्याखोऱ्यांतून ही वाट जाते. भर पावसाळा, निसरडे दगड, उभ्या चढावर लोखंडी शिड्या. समोरून येणारा अनोळखी माणूस “हर हर महादेव” म्हणत हात देतो. अर्धी गर्दी आपल्या विदर्भाची, त्यामुळं जंगलातही मराठीच ऐकू येते. रात्री ताडपत्रीखाली ओल्या कपड्यांत झोपलो. यापेक्षा वेगळं कॅम्पिंग काय असतं?

हे जंगल सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचं आहे. इथं १९८१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. म्हणून ही वाट नागपंचमीच्या सुमारास दहाएक दिवसच उघडते. माझा एक मित्र म्हणतो, “वर्षभर उघडी ठेवली तर काय बिघडतं? लोकांना रोजगार मिळेल.” रोजगाराचा मुद्दा खोटा नाही. तरी मी त्याच्याशी सहमत नाही, आणि याला कारण मी स्वतःच आहे.

परतताना माझा दहा-वीस रुपयांचा प्लास्टिकचा रेनकोट फाटला. मी तो एका झुडपावर टाकला आणि पुढं निघालो. थोड्या वेळानं मागं वळून बघितलं, तर तसे कितीतरी रेनकोट झाडांना लटकलेले. निळे, पिवळे, गुलाबी. प्रत्येकानं “माझ्या एकट्यानं काय होते?” असंच म्हटलं असणार. दहा दिवसांत आपण एवढं करतो, तर वर्षभरात काय करू?

घरी आजीला सांगितलं. ती म्हणाली, “आम्ही भाकर फडक्यात बांधून नेत होतो बापा. फडकं वापस आणत होतो.”

बाकीचे साडेतीनशे दिवस ती वाट गव्याची, अस्वलाची, शेकरूची आहे. ती बंद राहते म्हणूनच दहा दिवस जावंसं वाटतं. तेव्हा मित्रांनो, यंदा नागद्वारीला अवश्य जा. जाताना पाठीवरच्या पिशवीत एक रिकामी पिशवी ठेवा, आणि येताना ती भरून आणा. मी दोन नेणार आहे. एक मागच्या वर्षीची.