‘भारतीय’ गेम-संगीत म्हणजे फक्त सतार-तबला?

सुनो किंवा युडिओला ‘भारतीय युद्धसंगीत’ असं लिहून द्या, थोड्याच वेळात ट्रॅक तयार! पण ही मॉडेल्स आधीच्या ढीगभर गाण्यांवरून शिकतात, म्हणून हाती येतं ते बहुतेक वेळा ऐकल्यासारखंच. याच शिकण्यावरून जून 2024 मध्ये मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी दोघांवर खटले भरले. स्टीम 2024 पासून डेव्हलपरला एआयचा वापर जाहीर करायला लावतं. मनाई मात्र नाही. छोट्या स्टुडिओत पहिली कात्री संगीतकारावरच चालेल, असं मला वाटतं.

पुण्याच्या नॉडिंग हेड्सने ‘राजी’साठी (2020) माणूसच घेतला, तोही ग्रीक: लिनोस त्झेलोस. आपल्या संभाजीनगरात तर गोंधळ्यांचं संबळ अजून वाजतं. मानधन देऊन ते रेकॉर्ड करा, शांतता, धोका, लढाई असे वेगळे थर बनवून गेमच्या कोडला जोडा. प्रॉम्प्टमधून हा आवाज सहजी निघत नाही.