लासलगाव ते श्यामबाजार

८ डिसेंबर २०२३. आदल्या दिवशी केंद्र सरकारने मार्चअखेरपर्यंत कांद्याची निर्यात बंद केली होती. लासलगावला शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला. त्याच एक-दोन दिवसांत ढाक्यात कांदा किलोला दोनशे टाकांच्या वर गेला. ढाक्यातला बुढीगंगेकाठचा श्यामबाजार काय किंवा चितगावचा खातूनगंज काय, तिथल्या वखारींत त्या दिवशी जो कांदा होता तो बंदीआधीच सीमा ओलांडून आलेला होता. जुन्या भावाने घेतलेला होता. तरीही तो महागला, कारण पुढचा ट्रक येणार नाही हे सगळ्यांना कळलं होतं. इकडे लासलगावात क्विंटलला सरासरी चार हजारांच्या जवळ असलेला भाव दहा-बारा दिवसांत जवळपास निम्म्यावर आला.

कांदा तोच. दोन गावांमधलं अंतर साधारण दोन हजार किलोमीटर. एका टोकाला खाणारा होरपळला आणि दुसऱ्या टोकाला पिकवणारा बुडाला, आणि दोन्ही एकाच कागदामुळे. भाव एका बाजारातून दुसऱ्या बाजारात कसा जातो, हा प्रश्न मला अर्थशास्त्राच्या वर्गातला वाटत नाही तो यामुळे. भाव जातो, हे खरंच आहे. पण त्याच्या जाण्या-येण्याचा खर्च कोणाच्या माथी बसतो, हे बघायला हवं.

नियम तसा सरळ आहे. दोन बाजारांतल्या भावात वाहतुकीच्या खर्चापेक्षा जास्त फरक पडला, की व्यापारी गाडी भरतो. माल स्वस्त गावाकडून महाग गावाकडे जातो आणि फरक मिटत येतो. कांद्याचं जाळं या बाबतीत पक्कं विणलेलं आहे. लासलगावची बाजार समिती १९४७ सालची. सकाळच्या लिलावात काय बोली निघाली, किमान-कमाल-सरासरी किती, हे आता तासाभरात वाशीला, दिल्लीच्या आझादपूरला, बंगळुरूच्या यशवंतपूरला मोबाईलवर पोचलेलं असतं. मनमाड-निफाडकडून रेल्वेने माल बिहार-बंगालकडे जातो. दिल्लीत तेजी आली की दुसऱ्या लिलावात इथली बोली चढते. बातमीच्या बाबतीत आपला बाजार मागासलेला नाही.

बातमी पोचल्याने काय होतं, ते आफ्रिकेतल्या नायजर देशात फार बारकाईने अभ्यासलं गेलं आहे. तिथे २००१ ते २००६ या काळात एकेका भागात मोबाईलचे मनोरे उभे राहत गेले. बाजरीचा व्यापारी आधी गावोगावच्या आठवडी बाजारात स्वतः जाऊन भाव बघायचा, आता फोन लावू लागला. जेनी एकर या संशोधिकेने आकडे तपासले तेव्हा दिसलं, की फोन आलेल्या बाजारांमधला धान्याच्या भावातला फरक दहा ते सोळा टक्क्यांनी घटला. वाळवंटाच्या कडेला, जिथे एका गावात धान्य पडून असायचं आणि दुसऱ्या गावात त्याला सोन्याचा भाव असायचा, तिथे ही मोठी गोष्ट आहे. पण पुढे चवळीच्या शेतकऱ्यांचा हिशेब पाहिला, तर त्यांच्या हाती पडणारा सरासरी भाव वाढलेला नव्हता. व्यापारी दहा बाजारांना फोन करून दहापैकी एका ठिकाणी गाडी वळवू शकत होता. शेतकरी मात्र जवळच्या आठवडी बाजारातच विकत होता, कारण दोन पोती घेऊन दूरच्या बाजाराला जाणं त्याला परवडणारं नव्हतं. भाव कळणं आणि त्या भावाला माल विकता येणं, या दोहोंमध्ये गाडी लागते, पैसा लागतो आणि थांबण्याची ताकद लागते.

आपल्याकडेही नेमकं इथेच घोडं अडतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या एका अभ्यासाप्रमाणे ग्राहक कांद्याला जो रुपया देतो, त्यातले साधारण ३६ पैसे शेतकऱ्याला मिळतात. टोमॅटोचे ३३, बटाट्याचे ३७. या आकड्यावर आपण मधल्या माणसाला शिव्या देऊन मोकळे होतो. मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. मधला खर्च बहुतेक सगळा किलोवर किंवा गोणीवर ठरलेला असतो. हमाली, तोलाई, बारदाना, मोटारभाडं, शहरातल्या दुकानाचं भाडं. कांदा महाग झाला म्हणून हे दुप्पट होत नाही आणि स्वस्त झाला म्हणून निम्मं होत नाही. समजा शहरात कांदा तीस रुपये किलो आहे आणि मधल्या वाटेवर अठरा रुपये जातात, तर शेतकऱ्याला बारा राहतात. शहरात भाव वीस झाला, म्हणजे ग्राहकाला तिसऱ्या हिश्श्याने स्वस्ताई आली. वाटेवरचे अठरा मात्र तसेच राहिले. शेतकऱ्याला उरले दोन. ग्राहकाला जी नरमाई वाटते, ती शेतकऱ्याच्या घरात सर्वनाश होऊन येते.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला. भाव लागला किलोला एक रुपया. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता हातात आला दोन रुपयांचा धनादेश. त्या आधी, २०१८ च्या नोव्हेंबरअखेर, निफाड तालुक्यातल्या शेतकऱ्याने साडेसातशे किलोचे आलेले १,०६४ रुपये निषेध म्हणून पंतप्रधानांना पाठवून दिले होते. या बातम्या चार दिवस गाजतात आणि विरतात. त्या दोन रुपयांत कोणी लबाडी केलीच असेल असं नाही. सगळ्यांनी आपापले ठरलेले पैसे घेतले आणि भावाची सगळी घसरण एकट्या शेतकऱ्यावर येऊन पडली, एवढंच तिथे घडलं, आणि मला तेच अधिक भयंकर वाटतं.

थांबण्याची ताकद म्हणजे कांदा साठवायची चाळ. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि चाळीत भरला तर ऑक्टोबरपर्यंत पुरवून विकता येतो. पण साठवलेल्या कांद्याचं वजन घटतं, कोंब येतात, पावसाळ्यात सड लागते. तिसऱ्या हिश्श्यापर्यंत घट धरूनच शेतकरी चाळीत माल टाकतो. म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तो जो चढा भाव मागतो, त्यात चार-पाच महिन्यांची घट, गुंतलेला पैसा आणि सगळा धोका भरलेला असतो. सरकारचा बडगा नेमका याच महिन्यांत येतो. २०१९ ची बंदी २९ सप्टेंबरची. २०२० ची १४ सप्टेंबरची. २०२३ मध्ये १९ ऑगस्टला आधी चाळीस टक्के निर्यात शुल्क आलं, मग ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरचं किमान निर्यातमूल्य, मग डिसेंबरची बंदी. चाळीत माल टाकताना यातलं काहीच ठाऊक नसतं.

सरकारची भीती मला समजते. १९९८ मध्ये दिल्लीतलं सरकार गेलं त्यात कांद्याचा वाटा होता, हे कोणताच पक्ष विसरलेला नाही. शहरातल्या हातावर पोट असलेल्या बाईला कांदा ऐंशी रुपये झाला तर भाजीतून तो काढूनच टाकावा लागतो, हेही खरं आहे. पण तिला आधार द्यायचे रस्ते आहेत. राखीव साठा वेळेवर आणि योग्य भावाने घ्या, तिच्या वस्तीत स्वस्तात विका, तो खर्च तिजोरीतून करा. निर्यातबंदीत तोच खर्च नाशिक, नगर, पुणे, सोलापूरच्या शेतकऱ्याच्या खिशातून काढला जातो. आणि त्याची नोंद कुठल्याच अंदाजपत्रकात होत नाही.

सीमेपलीकडे याचे परिणाम आणखी खोल गेले. २०१९ च्या बंदीनंतर नोव्हेंबरात ढाक्यात कांदा अडीचशे टाकांवर गेला. त्या ऑक्टोबरात बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या तेव्हा त्यांनी जाहीर भाषणात सांगितलं, की मी आचाऱ्याला कांदा न घालता स्वयंपाक करायला सांगितलं आहे, आणि बंदी घालण्याआधी थोडी कल्पना द्या. पुढच्याच वर्षी पुन्हा अचानक बंदी आली, भरलेले ट्रक सीमेवर अडकून पडले आणि त्यांतला माल सडला. मग बांगलादेशाने तुर्कस्तान, इजिप्त, चीन, म्यानमार, पाकिस्तान असे रस्ते शोधले आणि स्वतःचं कांद्याचं उत्पादन वाढवलं. आपण १ एप्रिल २०२५ ला निर्यात शुल्क काढून टाकलं खरं, पण त्या वर्षातला बराच काळ बांगलादेशाने आयातीचे परवानेच दिले नाहीत. आता दार त्यांच्या बाजूने बंद होतं.

आणि ते दार बंद ठेवा असं सांगणारा तिकडचा माणूस कोण आहे? पाबना, फरीदपूर, राजबाडी इथला कांद्याचा शेतकरी. त्यांचा मुख्य कांदा आपल्या उन्हाळ कांद्याबरोबरच, मार्च-एप्रिलच्या सुमारास निघतो, आणि तेव्हा भारतातून ट्रक आले की त्याचा भाव कोसळतो. निफाडच्या शेतकऱ्याला निर्यातबंदीने जे होतं, तेच पाबनाच्या शेतकऱ्याला आयातीने होतं. पण त्यांचा साठा ऑगस्टपासून आटत जातो आणि त्याच वेळी आपल्या चाळी भरलेल्या असतात. ऑगस्ट ते नोव्हेंबर आपला कांदा तिकडे जावा, त्यांच्या काढणीच्या महिन्यांत जाऊ नये, आणि किती टन जाणार हे दोन्ही देशांनी लागवडीआधी जाहीर करावं, असा करार व्हायला पीकपाण्याची काहीच अडचण नाही. नाशिकच्या शेतकऱ्याला चाळीत किती भरायचं ते कळेल, पाबनाच्या शेतकऱ्याला किती लावायचं ते कळेल. खासदारांनी संसदेत बंदी नको म्हणून आवाज चढवण्याबरोबर हीही मागणी लावून धरावी. उन्हाळ कांद्याची रोपं डिसेंबर-जानेवारीत शेतात जातात, आणि तो करार त्याच्या आधी हवा.