पाचटाच्या छपराचं हॉटेल

मुलांनो, समुद्र बघायचा तर आमच्या चुडाव्याहून रात्रभर गाडीत बसावं लागतं. पण परवा तो आमच्या वर्गातच आला, एका वहीच्या कव्हरवर! चौथीतल्या मुलानं कुठलासा गुळगुळीत रंगीत कागद वहीला घातला होता. निळंशार पाणी, पांढरी वाळू, आणि शाकारलेल्या छपरांच्या टुमदार खोल्या. खाली लिहिलेलं : मॉरिशस.

"बाई, ही तर कोपी!" तो म्हणाला.

सगळे खो खो हसले. तो हसला नाही. त्याचे आईवडील दरसाल ऊसतोडीला जातात. बांबू रोवून, वर पाचट टाकून केलेली कोपी त्याच्याइतकी कुणाला ठाऊक?

आणि बरं का, त्याचं काही चुकलं नव्हतं. मॉरिशसच्या काही महागड्या हॉटेलांची छपरं खरंच उसाच्या पाचटानं शाकारलेली असतात. खाली गार हवेचं यंत्र, मऊ गाद्या, अन् वर पाचट! एका रात्रीच्या भाड्यात आपल्या घरचा दोन-तीन महिन्यांचा किराणा येईल.

हे बेट आपल्या परभणी जिल्ह्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढं. गुलामगिरी संपत आली तेव्हा तिथल्या उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती. म्हणून १८३४ पासून इंग्रजांनी हिंदुस्थानातून मजूर नेले. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये. त्यांत रत्नागिरीकडची मराठी माणसंही होती. पोर्ट लुईच्या धक्क्यावरच्या १६ पायऱ्या चढून मजूर आत येत. त्या पायऱ्या आजही जपून ठेवल्या आहेत. या लोकांची पतवंडं गणपती बसवतात, आणि गणपतीची सुट्टी साऱ्या देशाला असते. (तिथं ऊसतोड जूनमध्ये सुरू होते. का? नकाशात विषुववृत्ताच्या खाली बघा.)

"मग तिथल्या ऊसतोड्यांना ह्या पाण्यात जाऊ देतात का?" त्यानं विचारलं.

जाऊ देतात. जमीन हॉटेलला भाडेपट्ट्यानं मिळते, पण भरतीचं पाणी चढतं तिथवरची वाळू सगळ्यांची. कधी कधी यावरून भांडणं होतात, तरी लोक हक्क सोडत नाहीत. रविवारी घरंच्या घरं डबे घेऊन सुरूच्या झाडांखाली बसतात.

आणि ते पाणी लोकांनी राखलंही. बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे. लाटा तिच्यावर फुटतात, म्हणून आतलं पाणी तळ्यासारखं शांत. २५ जुलै २०२० ला 'वाकाशिओ' नावाचं जहाज याच भिंतीवर चढलं. ६ ऑगस्टला त्यातून तेल गळू लागलं, सुमारे हजार टन! तेव्हा बायाबापड्या, पोरंसोरं किनाऱ्यावर धावली. कापडाच्या लांबच लांब पिशव्या शिवल्या, आत ठासून पाचट भरलं, तरंगावं म्हणून रिकाम्या बाटल्या बांधल्या आणि तेलापुढं आडव्या सोडल्या. कुणी डोक्यावरचे केस कापून दिले. केस पाणी सोडतात, पण तेल धरून ठेवतात. सगळं तेल काही अडलं नाही, खारफुटीत शिरलंच. पण बरंच अडलं.

"पाचटानं?" वर्गातल्या मघाच्या हसऱ्यांनी विचारलं.

त्यानं वहीचं कव्हर अलगद काढलं, घडी घालून दप्तरात ठेवलं. पाडव्याच्या सुमारास आई परत येईल, तेव्हा तिला दाखवायचंय म्हणे.