पोटभरीची कोशिंबीर

कोशिंबीर म्हटली म्हणजे पानाच्या डाव्या बाजूस चमचाभर वाढावयाचा पदार्थ, अशी आपली समजूत असते. परंतु चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची आंबेडाळ ज्यांनीं वाटी भरून खाल्ली आहे, त्यांना डाळीची कोशिंबीर किती भरीव असूं शकते हें सांगावयास नको. तिच्याच वळणाची, पण धान्याची जोड दिलेली कोशिंबीर आम्ही या खेपेस सुचवीत आहों.

अर्धी वाटी मटकी सकाळीं भिजत घालून रात्रीं फडक्यांत बांधावी. त्याच रात्रीं वाटीभर अख्खी ज्वारी भिजवावी. दुसऱ्या दिवशीं ज्वारी तिप्पट पाण्यांत कुकरमध्यें शिजवावी. दाणा बोटचेपा व्हावा, पण फुटून त्याची खीर होतां कामा नये. मोड आलेली मटकी पांच-सात मिनिटें वाफवावी. ज्या दमट उबेंत मोड येतात त्याच उबेंत जंतूही वाढतात, म्हणून हा आळस करूं नये. दोन्ही निवल्यावर काकडी, टोमॅटो, कोथिंबीर, ओलें खोबरें व दाण्याचें कूट घालून हिंग, मोहरी व हिरव्या मिरचीची फोडणी द्यावी. मीठ व लिंबू मात्र पानें घेतांनाच. आधीं घातल्यास काकडीला पाणी सुटतें.

धान्यांत लायसिन हें अमिनो आम्ल कमी, तें कडधान्यांत विपुल असतें. कडधान्यांत मेथिओनिन कमी, तें धान्य पुरवितें. आपल्या वरणभाताचें शहाणपणही यांतच आहे. लिंबूही केवळ चवीसाठीं नाहीं. त्यांतील क जीवनसत्त्वामुळें धान्य-कडधान्यांतील लोह अधिक अंगीं लागतें. जेवणावर लगेच चहा घेतल्यास मात्र हा लाभ घटतो.

आतां मुख्य गोष्ट. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वयाच्या शंभरांपैकीं ५७ भारतीय स्त्रियांस रक्तक्षय आढळला. लोहाची उणीव हें त्याचें एक मोठें कारण. एकत्र कुटुंबांत शेवटच्या पंगतीस बसणाऱ्या स्त्रीच्या पानांत काय येतें? उरलेला भात व पातेल्याच्या तळची आमटी. कोशिंबिरीचें भांडें पहिल्याच पंगतींत रिकामें झालेलें असतें. म्हणून आमची विनंती अशी कीं, मीठ-लिंबू घालण्यापूर्वींच शेवटच्या पंगतीचा वाटा काढून झांकून ठेवावा, आणि तो पहिल्या पंगतीस बसणारांनीं काढावा. सून स्वतःसाठीं कांहीं बाजूस काढून ठेवीत नाहीं, हें आपण सारेच जाणतों.