घास तोंडात असताना हसू नका

दुपारी एकच्या सुमारास अनेक घरांत एकच दृश्य दिसते. मुलगा-सून कामावर गेलेली, नातवंडे शाळेत, आणि आजी किंवा आजोबा ताट घेऊन टीव्हीसमोर बसलेले. पडद्यावर कुणी फोडणी देत असते आणि सूत्रसंचालक त्यावर कोट्या करीत असतो. ‘आम्ही सारे खवय्ये’ या कार्यक्रमाने मराठी घरांना ही गोडी लावली. प्रशांत दामले आणि पुढे संकर्षण कऱ्हाडे या रंगभूमीवरच्या कलावंतांनी पाककृतीला गप्पांचे आणि हास्यविनोदाचे निमित्त केले.

वैद्यक म्हणून अशा कार्यक्रमांविषयी माझी तक्रार नाही, उलट त्यांचा उपयोग मी पाहिला आहे. माझे एक रुग्ण पत्नीच्या निधनानंतर जेमतेम दोन घास खात. वजन उतरत चालले होते. एके दुपारी भरल्या वांग्यांची कृती पाहून ते सुनेला म्हणाले, ‘‘तुझ्या सासूबाई यात गूळ घालीत असत.’’ सुनेने दुसऱ्या दिवशी तशीच भाजी केली आणि त्या दिवशी ते पोटभर जेवले. एकाकीपणात भूक मरते. ओळखीच्या पदार्थाची आठवण ती जागी करू शकते.

पुढे काही आठवड्यांनी तेच गृहस्थ जेवताना असाच एक कार्यक्रम पाहत होते. विनोदाला हसू फुटले आणि पोळीचा घास घशात अडकला. सुदैवाने त्यांना खोकता येत होते, म्हणून घास बाहेर पडला.

असे का होते? गिळताना श्वास क्षणभर थांबतो आणि श्वासनलिकेचे तोंड झाकले जाते. हसल्यानंतर आपण जोराने श्वास आत ओढतो. त्याच वेळी घास तोंडात असेल, तर तो श्वासनलिकेत ओढला जाऊ शकतो. वाढत्या वयात गिळण्याची क्रिया मंदावते. पक्षाघात, कंपवात, स्मृतिभ्रंश किंवा सैल झालेली कवळी असेल, तर धोका अधिक वाढतो.

म्हणून एवढे पथ्य पाळा. कार्यक्रम जेवणापूर्वी पाहा, म्हणजे भूक लागेल. जेवताना टीव्ही बंद ठेवा. ताठ बसून, लहान घास घेऊन सावकाश जेवा आणि जेवल्यावर निदान 30 मिनिटे आडवे होऊ नका. पाणी पिताना वारंवार ठसका लागणे, जेवल्यावर आवाज घोगरा किंवा ओलसर होणे, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होणे, ही गिळण्याच्या त्रासाची लक्षणे असू शकतात. ‘वय झाले’ म्हणून ती सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

शुश्रूषा करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट शिकून ठेवावी. घास अडकलेली व्यक्ती खोकत असेल, तर तिला खोकू द्या. बोलता, खोकता किंवा श्वास घेता येत नसेल, तर तिला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने 5 जोरदार थापा मारा. तेवढ्याने घास निघाला नाही, तर मागे उभे राहून बेंबीच्या वर आणि बरगड्यांच्या खाली मूठ ठेवून 5 वेळा आत-वर जोराने दाबा. घास निघेपर्यंत हे आलटूनपालटून करीत राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावण्यास सांगा. पाणी पाजू नका, न दिसणारा घास बोटाने चाचपू नका. शुद्ध हरपल्यास छातीवर दाब देण्यास आरंभ करा. पोटावर दाब दिला असेल, तर घास निघाल्यावरही डॉक्टरांना दाखवावे.

त्या गृहस्थांच्या घरी आता नियमच झाला आहे. कार्यक्रम संपला की टीव्ही बंद होतो आणि मग पाने वाढली जातात. सुट्टीच्या दिवशी सूनही त्यांच्याबरोबर पानावर बसते. आपल्या घरातील वडीलधारी मंडळी दुपारी कुणाबरोबर आणि कशी जेवतात, हे आज एकदा विचारून पाहा.